साठेकाकांचे ठिपके

साठेकाका कोणत्याही फोटोत आधी माणसाचं नाक बघतात, तेही भिंगातून. पुण्यात छापखान्यांसाठी फोटोंचे ब्लॉक बनवण्यात त्यांचा जन्म गेला. आता जपानमध्ये, एदोगावात मुलाकडे असतात, आमच्याच मजल्यावर, आणि दर रविवारी मला जुन्या बाजारात ओढून नेतात. तिथे बेसबॉल खेळाडूंची जुनी कार्डं मिळतात.

बेसबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. "कोण आउट झाला ते त्याच्या आईला सांग," म्हणतात आणि खेळाडूच्या नाकावर भिंग धरतात. छपाईत फोटो बारीक ठिपक्यांनी उठतो, म्हणून ठिपके दिसले की कार्ड छापील. ठिपके नसले, सावली सलग उतरत गेली, तर खरा फोटो. मग कार्ड तिरकं करून काळ्या भागात जुन्या फोटोतल्या चांदीची झाक शोधायची. ती सापडली की घरात लग्न ठरल्यासारखे खूश. विक्रेत्याने छापील कार्ड खरा फोटो म्हणून पुढे केलं, तर मात्र "ठिपका दिसला, विषय संपला" हे ठणकावायचं त्यांनी, आणि जपानीत, कमरेत वाकून, माफी मागत सांगायचं मी. दोन दुकानदार हल्ली आम्हाला बघून चहाला निघून जातात.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या तानाकाआजी काकांकडे एक कार्ड घेऊन आल्या, तेव्हा मी तिथेच होतो. कार्डावर त्यांचे यजमान होते, तरुणपणी दोन हंगाम बेसबॉल खेळलेले. ते नुकतेच गेले. इथल्या रीतीप्रमाणे कार्ड घरातल्या देव्हाऱ्यात ठेवायचं होतं.

"खरा फोटो आहे ना?" त्यांनी विचारलं.

काकांनी भिंग लावलं. त्यांच्या भुवया चढल्या, म्हणजे ठिपके होते. आता हे विषय संपवणार, म्हणून मी मनात माफीची जपानी वाक्यं जुळवू लागलो.

"छापील आहे म्हणून सांग," काका म्हणाले. "आणि हेही सांग, की खरा फोटो एखादाच निघतो, तो घरात राहतो. छापील म्हणजे हजारांनी काढलेला. गावोगावच्या पोरांनी तुमच्या यजमानांना खिशात घालून मिरवलंय."

मी सांगितलं. आजींनी कार्ड दोन्ही हातांत धरलं आणि काकांना कमरेत वाकून नमस्कार केला.

त्या गेल्यावर काका भिंग पुसत बसले. "आमच्या हिचा एकच फोटो आहे माझ्याकडे. अस्सल. पण नातवाने तिला पाहिलंही नाही, आणि मुलाला वेळ नाही. इथे तिच्याबद्दल बोलायचं कुणाशी?"

मला फार वाईट वाटलं. इतके रविवार बरोबर हिंडून मी काकूंचं नावही विचारलं नव्हतं.

"काका, मला दाखवा ना," मी म्हटलं.

त्यांनी फोटो आणला. जेवायची वेळ टळून गेली, तरी मी उठलो नाही.