वरचा फड, खालचा फड आणि निंबखोऱ्याचे अपुरे कवन

श्री. वाणीच्या देवतेस नमस्कार, कातड्याच्या डफास नमस्कार, आणि जे गाऊन गेले त्यांसही नमस्कार. त्यांनी असतील तेथे सुखे असावे, इकडे येण्याची तसदी घेऊ नये. शके सत्राशे दोन, शार्वरीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते साली राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

महाराज गाण्याचे मोठे शौकीन. थोरल्या महाराजांचे वेळेस राज्यात शाहिरांचे दोन फड नामांकित होते, एक वरचा आणि एक खालचा. वरच्या फडात कवने रचणारे दोघे, सटवाजी आणि नारो. दोघे गुडघ्यास गुडघा लावून बसत आणि एकाने अर्धी ओळ म्हणावी, दुसऱ्याने पुरी करावी, ऐसे चालत असे. मग एका कवनात 'पदर' घालावा की 'शेला' घालावा एवढ्यावरून दोघांचे बिनसले आणि फड फुटला, आणि त्यानंतर दोघांपैकी एकाच्याही हातून धड कवन जाहले नाही. खालच्या फडात कवी एकटा, अंबाजी नावाचा, निंबखोऱ्याचा. त्याची कवने थोडी, परंतु ती ऐकताना बाया चुलीवरचे दूध विसरत. पुढे निंबखोऱ्यात पटकीची साथ आली आणि अंबाजी गेला, आणि गावात त्याला उचलणारा उरला नाही, कारण गावच गेला. वरच्या फडाचे दोघेही कालांतराने वारले. माणसे गेली, डफांची कातडी उंदरांनी खाल्ली, कवने मात्र राहिली.

ऐसे असता एके दिवशी भोजनोत्तर महाराज विडा चावीत सहज बोलले, "या फडांमध्ये श्रेष्ठ कवी कोणत्या फडाचा?" तेव्हा दिनकरपंत उपळेकर, राज्याचे फडणीस, म्हणाले, "वरच्या फडाचे, महाराज. एकट्याच्या गाण्यात एकट्याचे दुःख असते. दोघांच्या गाण्यात एक विचारतो, दुसरा सांगतो, त्यामुळे ऐकणाऱ्यास मध्ये बसायला जागा मिळते." त्याजवर येसाजी भोगावकर, सरनोबत, हसून बोलले, "पंत, दोघांनी मिळून हिशेब करता येतो, रडता येत नाही. अंबाजीसारखा अंबाजीच." दोघे बाळपणापासूनचे स्नेही, शेजारी घरे, त्यामुळे सभेस मौज वाटली. परंतु ती गोष्ट वाड्याबाहेर गेली आणि शहर दुभंगले. वरच्याचा न्हावी खालच्याची हजामत अर्धी करून उठू लागला, सुना माहेरच्या फडाचे गाणे सासरी गुणगुणल्या म्हणोन बोलणी खाऊ लागल्या, आणि एका वरातीत कोणते कवन वाजवावे यावरून मारामारी होऊन डफवाल्याचा हात मोडला. मग महाराजांस राग आला आणि आज्ञा जाहली की, "पौष पौर्णिमेस नदीकाठच्या मांडवात सभा भरेल. पंत वरच्यांकडून बोलतील, सरनोबत खालच्यांकडून. जो फड हरेल त्याची कवने या राज्याचे हद्दीत कोणी गाऊ नयेत, गुणगुणू नयेत, पाळण्यापाशीही नयेत."

हुकूम ऐकून पंत सरनोबतांच्या ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "येसाजीराव, हे भलतेच जाहले. आपण दोघे महाराजांचे पाय धरू." सरनोबत म्हणाले, "धरून पाहिले. ऐकत नाहीत." आणि पुढे म्हणाले, "पंत, जिवाजी माझ्या मांडीवर गेला हे तुम्हास ठाऊक आहे. पोटात भाला होता. पाणी मागितले नाही, आईला हाक मारली नाही, अंबाजीचे ते घाटाचे कवन पुटपुटत गेला. ते गाणे बंद जाहले तर माझा भाऊ मला आठवायचा कशाने?" पंतांनी मान खाली घातली, परंतु स्वभावाने खरे बोलणारे, म्हणोन बोलले, "पण तेच कवन अपुरे आहे हो. शेवटचे कडवे करण्याआधी अंबाजी गेला. सभेत मला विचारतील तर मला सांगावे लागेल की, ज्याचे उत्तम गाणे अर्धे, तो कवी अर्धा." सरनोबत दुसरे दिवशी एकटेच घोड्यावर बसोन निंबखोऱ्यास निघाले.

पुढील वर्तमान सरनोबतांनी मागाहून आपले कुटुंब चिमाबाई यांस सांगितले, आणि त्यांजकडून आम्हास कळले. निंबखोऱ्याच्या वेशीशी घोडा थांबला आणि टाच मारिता पाऊल टाकीना, म्हणोन सरनोबत पायी आत गेले. भर दुपार, ऊन स्वच्छ, परंतु झाडावर कावळा नाही, गवतात किडा नाही. घरांची दारे उघडी, आणि प्रत्येक अंगणात काम अर्धे टाकलेले, कोठे जात्यात दाणे, कोठे चाकावर मडके, आणि त्यावर इतक्या वर्षांची धूळ नाही. पारावर एक मनुष्य वाळल्या गवताचा जाळ करून त्यावर डफ शेकीत बसला होता. सरनोबतांनी थंडीमुळे जाळाशी हात नेला, तो जाळ गार. तो मनुष्य म्हणाला, "म्हणून तर डफ चढत नाही. केव्हाचा शेकतोय. कोण तुम्ही?"

"येसाजी भोगावकर, सरनोबत."

"ऐकायला आलात की न्यायला?"

"न्यायला. घाटाच्या कवनाचे शेवटचे कडवे पाहिजे. नाही मिळाले तर तुमचे एकही गाणे जगत नाही."

"कडवे तयार आहे. गाणार कोण? माझा आवाज वेशीपलीकडे जात नाही. तुमचे तोंड द्या."

"किती काळ?"

"कवन संपेपर्यंत," अंबाजी म्हणाला, आणि सरनोबत शिपाईगडी, त्यांनी पुढचे विचारले नाही, "दिले" म्हणाले. परत येताना घोडा त्यांस पाठीवर घेईना, म्हणोन लगाम धरून चालत आले. घरी आल्यावर ते कोणाशी बोलले नाहीत, हाताने खुणा करीत. चिमाबाईंनी विचारले, "धनी, घसा बसला का?" तर मान हलविली. दुपारी जरा डोळा लागला की ओठ मात्र हलत, आणि चिमाबाई कान लावीत तो शब्द कळत नसे, नुसता ठेका कळे.

मग पौष पौर्णिमा आली आणि सभा भरली. महाराज गादीवर बसले, इकडे वरचे, तिकडे खालचे, बायकांस चिकाचा पडदा, आणि नदीच्या पायऱ्यांवर लोक मावेनात. आम्हीही तेथे होतो. प्रथम पंत बोलले आणि ऐसे सुंदर बोलले की खालच्यांनीही माना डोलविल्या. शेवटी त्यांनी वरच्या फडाचे सवालजवाबाचे कवन म्हणविले आणि अपुऱ्या कवनाविषयी जे बोलायचे ते बोलले, परंतु बोलताना मित्राकडे पाहिले नाही. मग सरनोबत उठले, कोणा डफवाल्याचा डफ मागून घेतला आणि तोंड उघडले, तो आवाज त्यांचा नव्हे. सरनोबतांचा आवाज घोगरा, रणात ओरडून फाटलेला. हा आवाज कोवळा, किंचित नाकातला. सभेत जे म्हातारे होते, ज्यांनी अंबाजीला ऐकिले होते, ते जागचे जागी हात जोडून उभे राहिले. कवन सर्वांच्या ओळखीचे,

घाट उतरुनी गेला राया, धूळ बसेना अजुनी,

आणि कडव्यामागून कडवे गाऊन ते तेथे आले जेथे आजवर सर्वजण थांबत, आणि थांबले नाहीत, आणि पुढे गायले,

धूळ बसावी कैसी राया, धूळच झाले आता मी.

मग मांडवात ऐसा हुंदका उठला की तो कोणा एकाचा म्हणता येईना. चिकाआड बायका रडल्या, महाराज रडले, आणि दिनकरपंत उठोन सर्वांसमक्ष म्हणाले, "महाराज, मी हरलो. हा श्रेष्ठ." महाराजांनी निवाडा देण्यास हात वर केला. परंतु गाणे थांबले नव्हते. सरनोबत पुढील कडवे गाऊ लागले, आणि ते कोणी ऐकिलेले नव्हते,

निंबखोऱ्याची गंगू कुंभारीण, चाकावरती मडके जी,
ओले मडके कोण उतरवी, गंगू गेली सकाळी जी.

मग गुरवाचे कडवे आले, मग सुताराच्या लेकीचे, मग तिच्या तान्ह्या पोराचे, आणि लोकांस उमगले की साथीत मेलेला सारा गाव एकामागून एक गाण्यात येतो आहे. ज्यांस कोणी अग्नी दिला नाही आणि कोणी नाव घेतले नाही, त्यांची नावे अंबाजी घेत होता. लोकांनी प्रथम भक्तीने ऐकिले. उन्हे कलली तरी गाणे चालले. सरनोबतांचे ओठ फुटोन रक्त आले, डोळे विनवणी करीत, तोंड मात्र गात होते. चिमाबाई चिक सारून बाहेर आल्या आणि भांडे ओठास लावून म्हणाल्या, "धनी, पाणी तरी प्या," तर पाणी हनुवटीवरून वाहून गेले आणि ओळ तुटली नाही. अखेरीस निंबखोऱ्याची माणसे संपली, कारण लहान गाव, माणसे ती किती. सर्वांस वाटले, आता थांबेल. क्षणभर नुसता डफ वाजला, आणि मग आवाजाने गायिले,

राघू भालदार दाराशी उभा, भाला भिंतीस टेकी जी.

राघू भालदार तेथेच महाराजांचे पाठीमागे उभा होता, धडधाकट मनुष्य. त्याने आपले नाव ऐकून दचकून पाहिले, भाला मांडवाच्या खांबास टेकविला, खाली बसला, आणि उठला नाही. तेव्हा मांडवात पळापळ जाहली आणि पायऱ्यांवरून कितीक नदीत पडले. महाराज ओरडले, "त्याचे तोंड धरा!" तर दोघे शिपाई धावले, परंतु हाताखालूनही गाणे जसेच्या तसे ऐकू येत होते. आणि आवाजाने पुढील कडवे धरिले,

सरनोबताची चिमा गुणाची, हाती पाण्याचे भांडे जी,

आणि सरनोबत स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या बायकोचे मरण गाऊ लागले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जे दिसले ते आम्ही लिहू शकत नाही. चिमाबाई जागच्या हलल्या नाहीत.

तेव्हा दिनकरपंत पुढे जाहले. शाहिरांची रीत ऐसी की शेवटच्या ओळीत कवीने आपले नाव घालावे, त्यास छाप म्हणतात, आणि छाप पडली की कवन संपले. मग ब्रह्मदेवासही त्यात शब्द घालिता येत नाही. पंतांनी डफाचा ठेका धरून मध्येच घुसून म्हटले, "अंबाजी म्हणे..." तर सरनोबतांच्या तोंडातून हसणे आले आणि आवाज बोलिला, "त्या नावाचा आता कोणी नाही, पंत. मेलेल्याची छाप पडत नाही. जिवंत नाव पाहिजे."

पंतांनी चिमाबाईंकडे पाहिले आणि मित्राकडे पाहिले. त्यांनी जन्मात एक ओळ रचिली नव्हती. घोगऱ्या, बेसूर आवाजात ते गायले,

दिनकर म्हणे, पुरे शाहिरा, ऐकणारे थकले जी.

आणि डफ फाटला. सरनोबत मोकळे होऊन खाली पडले, आणि पाण्याचे भांडे चिमाबाईंच्या हातून सुटले, परंतु चिमाबाई उभ्याच होत्या. मग महाराज हळू बोलले, "पंत, आता हे कवन कोणाचे म्हणावे?" पंत म्हणाले, "छाप ज्याची, कवन त्याचे. माझे जाहले, महाराज." आणि आपले पागोटे नीट करून ते मांडवाबाहेर चालू लागले. सरनोबतांनी पडल्या पडल्या त्यांचा अंगरखा धरिला. त्यांस स्वतःचा आवाज पुरता आला नव्हता, तरी विचारले, "पंत, कोठे?"

"कवीस तेथे बसावे लागते, येसाजीराव. मला आता ऐकू येते आहे. अंबाजी डफ शेकायला बोलावतो आहे," पंत म्हणाले, आणि मित्राची बोटे एकेक करून सोडविली, आणि निंबखोऱ्याच्या वाटेने गेले. कोणी अडविले नाही. पुढे कितीक दिवस आम्हास याचीच लाज वाटत होती.

महाराजांनी आज्ञा मागे घेतली आणि दोन्ही फडांची कवने लोक राज्यात पूर्ववत गाऊ लागले. सरनोबत बरे होताच घोडा घेऊन निंबखोऱ्यास गेले. वेशीशी घोडा थांबला. आत भर दुपारी दोन माणसे वाद घालीत होती, एक आवाज कोवळा, किंचित नाकातला, दुसरा पंतांचा. पंत म्हणत होते, "माझे ऐका शाहीर, एकट्याच्या गाण्यात बसायला जागाच नसते," आणि दुसरा म्हणत होता, "मग तुम्ही कसे बसलात?" आणि दोघे हसले. मग पंतांनी हाक दिली, "कोण, सरनोबत का? बरे आलात. आमचे काही जमेना. आत या, निवाडा करा." सरनोबतांचे एक पाऊल रिकिबीतून निघाले होते. त्यांस चिमाबाईंची आठवण जाहली आणि त्यांनी घोडा फिरविला, आणि वाटभर रडत आले.

पुढे सरनोबत पुष्कळ जगले. मुले, नातवंडे पाहिली, मोहिमा केल्या, परंतु गाण्यास कधी बसले नाहीत. अंतकाळी त्यांचे अंथरूण ओसरीवर होते, ऊन पायांवर आले होते, चिमाबाई उशाशी. बराच वेळ शुद्ध नव्हती. मग एकाएकी डोळे उघडोन, कोणी फार दिवस ताटकळला असावा तैसे ओशाळून, वाटेकडे पाहत मोठ्याने बोलले, "आलो, पंत, आलो. दोघेही बसा, आता नीट ऐकतो," आणि गेले.

सारांश, वरचा फड थोर की खालचा, याचा निर्णय या राज्यात जाहला नाही. अन्यत्र कोठे जाहला असल्यास आम्हास ठाऊक नाही, आणि तो आम्हास कोणी येऊन सांगू नये. इति.