कुकरातलं गोड पाणी

घरात आरओ मशीन घ्यायचं नाही, खारं पाणी आपणच गोड करायचं, असा निर्णय मी एका रविवारी आंघोळ करताना घेतला. (माझे बहुतेक निर्णय आंघोळीतच होतात. आमच्या पाण्यात साबणाला फेस येईपर्यंत माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो.)

आमचं घर महाडच्या बाहेर, सव गावाच्या रस्त्याला. नळ अजून तिथवर पोचलेला नाही. आणि मार्च उलटला की भरतीचं पाणी सावित्रीतून वर चढतं, ते थेट आमच्या बोअरमध्ये मुक्कामाला येतं. डाळ शिजत नाही, चहा फुटतो. एरवी आम्ही चालवून घेतलं असतं. पण पुढच्या रविवारी पोलादपूरहून विनीतचे आईवडील यायचे होते. विनीत आणि आमची लेक श्रिया यांनी लग्न ठरवून टाकलं होतं. आम्ही ते ठरवल्यासारखं करायचं, एवढंच बाकी होतं.

"फुटलेला चहा पाजणार का त्यांना?" माझी बायको कालिंदी म्हणाली. "आरओ घ्या."

"महाग पडतं. शिवाय निम्मं पाणी मोरीत सोडतं. मी जवळजवळ फुकटात करून दाखवतो. समुद्राची वाफ होते, ढग होतो, पाऊस गोड पडतो. त्याला कुठे मशीन लागतं?"

"त्याला सूर्य लागतो. तुमच्याकडे काय आहे?"

"कुकर," मी म्हणालो.

मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. आठवडाभर रजा टाकली. (साहेबांनी कारण न विचारता सही केली. मी नसलो तर काम लवकर उरकतं, असं त्यांचं मत आहे.) कुकरची शिट्टी काढून तिथे तांब्याची नळी बसवली, नळी थंड पाण्याच्या बादलीतून फिरवली आणि तिच्या तोंडाशी बाटली लावली. अर्धी वाफ झाकणातून निसटे, उरलेली थेंब थेंब बाटलीत उतरे. स्वयंपाकघराचं सवचं गरम कुंड झालं होतं. पण शनिवारपर्यंत वीस लिटरचा जार काठोकाठ भरला!

शेजारच्या बनुबाई खिडकीतून रोज डोकावत होत्या.

"भाऊ, काय काढताय ह्ये?"

"पाणी, बनुबाई."

"हां. सगली पानीच म्हनतात," म्हणून त्या निघून जात.

रविवारी पाहुणे आले. वडील हैबती, आई शर्मिला आणि विनीत. मी त्यांना बाहेर बसवलं आणि आत डोकावलो. कालिंदी शेगडीकडे बघत उभी होती.

"अहो, गॅस पेटत नाही. तो भरलेला सिलिंडर लावा."

मी उगाच जार पुसायला घेतला.

"तो कधी लावलात?"

"बुधवारी. पहिला मंगळवारीच संपला."

"म्हणजे दोन्ही रिकामे?"

"पण पाणी बघ ना, किती नितळ!"

कालिंदी काहीच बोलली नाही. (ती ओरडते तेव्हा मला बरं वाटतं.) चहा नाही, पोहे नाहीत. शेवटी तिने ट्रेमध्ये माझं पाणी ठेवलं आणि बाहेर आणलं. हैबतींनी ग्लास उचलला, तेवढ्यात कुंपणापलीकडून खणखणीत आवाज आला.

"भाऊ, आज भट्टी बंद? पावनं हायत म्हनून?"

हैबतींनी ग्लास हळूच खाली ठेवला. विनीत श्रियाकडे बघू लागला, श्रिया जमिनीकडे.

"तुम्ही कॉलेजात आहात ना?" शर्मिलाताईंनी विचारलं. "मग हे... फावल्या वेळात?"

"अहो, गैरसमज होतोय! आत या, दाखवतो!" म्हणून मी सगळ्यांना आत नेलं. तिथे कुकर, नळी, बादली आणि ओळीने बाटल्या. मी शपथेवर सांगत होतो. पण ते सगळं बघून माझाच माझ्यावर विश्वास बसेना. श्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मात्र मी जारचं झाकणच काढून हैबतींपुढे धरलं.

हैबतींनी जारमध्ये बोट बुडवलं, वास घेतला, जिभेला लावलं. आणि मोठ्याने हसले.

"अवो, ह्ये तर ब्याटरीचं पानी!"

हैबतींचं पोलादपूरला हायवेलगत बॅटरीचं दुकान. कशेडी घाट चढण्याआधी ट्रकवाले त्यांच्याकडे बॅटरीत पाणी घालून घेतात.

"हितं चव कुठं हाय? क्षार नाय, कायच नाय. प्यायला कशाला? पोटात काय चार्ज करायचंय?" ते म्हणाले. "ह्यो जार मी नेतो."

शर्मिलाताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि श्रियाला जवळ घेतलं. खरा प्रकार कळल्यावर बनुबाई ओशाळल्या आणि चुलीवरचा कोरा चहा घेऊन आल्या. जरा खारट होता, पण फुटायला त्यात दूधच नव्हतं. (हे मला आठ दिवस सुचलं नाही.) त्या चहावरच लग्नाची तारीख ठरली.

दुसऱ्याच दिवशी श्रियाने मोबाइलवरून आरओ मागवलं. आठवड्याने हैबतींचा फोन आला.

"व्याही, तुमचं पानी लई भारी. बंद पडलेला ट्रक एका किल्लीत चालू!"

मी छाती फुगवून हे कालिंदीला सांगितलं. तिने माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं.

"मग आरओचं राहू दे," ती म्हणाली. "तुम्ही रोज सकाळी ते बॅटरीचं पाणीच एक ग्लास घेत जा."