योहानमामांची रिकामी बाटली

दौंडला योहानमामांकडे गेलेल्या माणसाच्या हातात चहाच्या आधी एक रिकामी बाटली यायची. ड्राय जिनची. बूच काढून ती नाकाशी धरायची आणि काय काय वास आला ते सांगायचं. सांगितल्याशिवाय चहा नाही.

तेव्हा राज्यात दारूबंदी होती. मामा पूर्वी रेल्वेच्या गोऱ्या साहेबांच्या बंगल्यावर बटलर होते. शेवटचा साहेब विलायतेला जाताना ही बाटली मागे ठेवून गेला. मामा शिरूरच्या मिशनात वाढलेले, जिनचा थेंब त्यांनी कधी ओठाला लावला नव्हता. साहेबापुढे पेला ठेवण्याआधी ते नुसता हुंगायचे, आणि त्या हुंगण्याचा त्यांना भारी अभिमान.

"घाई नगं," ते म्हणायचे. "आधी थंडावा येतो. मग धनं. मग लिंबाची साल. आन् समद्यांच्या मागनं देवदाराची ताजी फळी. गोडवा न्हाई, म्हणून तर ड्राय!"

आम्ही मालधक्क्यावरचे तीन कारकून. संध्याकाळी फुकटच्या चहासाठी जायचो आणि गंभीर चेहऱ्यानं काहीबाही ठोकून द्यायचो. "मामा, आज जरा ओल्या घोंगडीचा येतोय." मामा विचारात पडायचे. "घोंगडी? आसंल बाबा, हवा दमट हाय." बाहेर पडलो की आमची हसून हसून पुरेवाट व्हायची.

एकदा मला अवदसा आठवली. मामा शेजारून दूध आणायला गेले तेवढ्यात मी बाटली धुण्याच्या सोड्यानं खळखळून धुतली. म्हटलं, बघू यांचं नाक किती खरं आहे. ते आल्यावर म्हणालो, "मामा, आज तुम्हीच सांगा."

त्यांनी डोळे मिटून हुंगलं. "वा! धनं कसं ताजं हाय!"

आम्ही फस्सकन हसलो, आणि मी माझा पराक्रम सांगूनही टाकला.

मामा रागावले नाहीत. बाटली उजेडाला धरून बघत राहिले. "तुमची मामी ज्या तापात गेली ना, त्याच तापात माझं नाक बी गेलं. काय सुदीक येत न्हाई. तुम्ही वास घेऊन सांगता, तवा मला बी येतो."

माझे दोघे सोबती चपला शोधायला लागले. मला तोंड कुठं लपवू असं झालं. हे लिहितानाही लाज वाटते आहे. एवढ्या आशेनं विचारणाऱ्या माणसाला आम्ही रोज घोंगडी दिली होती.

मामांनी बाटली माझ्यापुढे केली. "बघ बरं. बुडाशी थोडा ऱ्हायला आसंल."

मी हुंगलं. नुसता सोडा.

"आहे, मामा," मी म्हणालो. "धने आहेत."

"आन् लिंबाची साल?"

"ती पण आहे. मागून देवदार."

"घोंगडी न्हाई ना?"

"नाही, मामा."

मामांनी बूच घट्ट लावलं आणि चहा गाळायला उठले.