विठोबाच्या पोटरीतील मुद्देमाल

देवासात एका गावाला दोन राजे आहेत, हे पाहून शेजारच्या सोनखेडीच्या जहागिरदार बंधूंनाही राहवेना. त्यांनी सन एकोणीसशे सातात आपल्या गावाची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी वाटणी केली. पेठेतल्या गटाराच्या अलीकडे थोरली, पलीकडे धाकटी. दोन्हीकडे एकेक कचेरी आणि एकेक न्यायाधीश. थोरलीचे दत्तोपंत आणि धाकटीचे गोपाळराव हे साडू. रोज एका पंगतीला जेवत, पण सरकारी मजकूर एकमेकांना टपालानेच कळवीत.

पुढच्या दसऱ्याला थोरलीचे शिलेदार फत्तेसिंग यांचा अंगरखा विठोबा शिंप्याने वेळेवर दिला नाही. फत्तेसिंगांनी बंदूक उचलली. विठोबा पळाला. गटार ओलांडताना त्याचा उजवा पाय थोरलीत आणि डावा धाकटीत, अशा नाजूक घटकेला फत्तेसिंगांनी चाप ओढला. उजव्या पोटरीत सात छर्रे गेले, डावीत चार.

त्याची बायको सावित्रीबाई वैद्याला बोलावायला निघाली, तर शिपायाने अडवले.

"छर्रे काढायचे नाहीत, बाई. मुद्देमाल आहे तो."

"अहो, पायानं चालवायचं शिवणयंत्र त्यांचं. पाय गेला तर आम्ही खायचं काय?"

"आधी गुन्हे किती ते ठरू द्या."

दत्तोपंतांपुढे फत्तेसिंग म्हणाले, "पंतसाहेब, गुस्सा एकच आला, चाप एकच ओढला. गुन्हाही एकच ना, भिया?"

'भिया' हा माळव्यातला भावाला हाक मारायचा सलगीचा शब्द कामकाजातून काढून टाकण्यात आला. चाप एक असला तरी जखमा सात, सबब गुन्हे सात, असे दत्तोपंतांनी ठरवले. गोपाळरावांच्या वाट्याला चारच आले. थोरलीपेक्षा आपला आकडा कमी, हे धाकट्या जहागिरदारांना सोसेना. म्हणून बार ऐकून जो जो दचकला, त्याच्या त्याच्या नावे वेगळा गुन्हा धरावा, असा हुकूम निघाला. दवंडी पिटताच कचेरीपुढे दचकलेल्यांची रांग लागली. तीत एक ठार बहिरे गृहस्थही होते. ते इतरांना दचकताना पाहून दचकले होते. मग थोरलीनेही आपल्या रयतेस दचकण्याची मुभा दिली.

"पाय सुजलाय हो," असे सावित्रीबाई रोज येऊन सांगे.

"आपण दचकला होता काय?" कारकून विचारी.

ती खरे बोलणारी बाई. "दचकायला फुरसत कुठं होती?" म्हणे. मग तिला बाजूला उभे करीत. रांगेतल्या सगळ्यांनाच तिची फार दया येई. पण हातची पाळी कोण सोडणार?

गुन्हे शेकड्यांत गेले, तेव्हा लक्षात आले की ही शिक्षा भोगायला फत्तेसिंगांना पाचसहा जन्म लागतील, आणि पुढच्या जन्मी ते कोणत्या पातीत निपजतील याची हमी नाही. एका गुश्शातले सारे गुन्हे एकातच विलीन करावेत, असे दोघा साडूंनी भातावर वरण घेताना ठरवले. दत्तोपंतांनी निकाल दिला: विठोबा कोसळला धाकटीत, सबब थोरलीचे गुन्हे धाकटीच्या गुन्ह्यात विलीन. गोपाळरावांनी त्याच दिवशी निकाल दिला: चाप ओढला थोरलीत, सबब धाकटीचे गुन्हे थोरलीच्या गुन्ह्यात विलीन. दोन्हीकडे बाकी शून्य राहिली. फत्तेसिंग सुटले आणि तडक अंगरख्याचा तगादा लावायला विठोबाकडे गेले.

"आता तरी छर्रे काढू ना?" सावित्रीबाईने दत्तोपंतांना विचारले.

"अवश्य. गुन्हाच घडला नाही, तर मुद्देमाल कसला?"

बिचारीला हायसे वाटले.

"पण बाई, मग हे छर्रे तुमच्या यजमानांकडे आले कोठून? दारूगोळा बाळगायला परवाना लागतो."

परवाना नव्हता. विठोबावर छर्र्यागणिक एक असे अकरा गुन्हे दाखल झाले. या खेपेस मोजणीबद्दल कोणाचाही मतभेद झाला नाही. शिवाय त्याचे घर धाकटीत आणि कोठडी थोरलीत; त्यामुळे दर तारखेला त्याला खाटेवर घालून गटारावरून नेता-आणताना दारूगोळा हद्दीपार नेल्याचा गुन्हा प्रत्येक फेरीला चढत गेला.

ही हकीकत मी पुष्कळांना सांगितली आहे. कोणी म्हणतात, गुन्हा एकच धरायला हवा होता. कोणी म्हणतात, अकरा. धारच्या एका वकिलांनी तर आणखी दोन शोधून दिले. आपणही मनाशी काही आकडा धरलाच असेल. पायाचे पुढे काय झाले, हे मात्र त्यांच्यापैकी कोणी विचारले नाही; आणि मी सांगेपर्यंत आपल्यालाही आठवले नव्हते.