शनवार, खपली, दोन वाट्या

हिंगाच्या डबीशी भांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे सुभेदार. माझ्या किराणा दुकानाच्या काउंटरशी उभे राहून ते डबी आधी हातभर लांब धरायचे, मग नाकाजवळ आणायचे, मग खिशातून भिंग काढायचे आणि डबीलाच दम भरायचे, "खरं सांग. कोण कोण हाय तुझ्यात?"

डबी काही बोलायची नाही. मग बारीक अक्षरं शोधून ते स्वतःच मोठ्यानं वाचायचे, "डिंक. गव्हाचं पीठ." आणि माझ्याकडं असं बघायचे, की जणू ते पीठ मीच घरी बसून डबीत भरलंय. "बघा वहिनी. नाव सांगतोय हिंग आन् आत गहू. भेस बदलून आलाय."

ही कटकट मी जवळजवळ वर्षभर सोसली. दुकान साताऱ्याच्या कडेच्या कॉलनीत, त्यामुळं निम्मं गिऱ्हाईक रिटायर फौजी. त्यांच्या तऱ्हा मला पाठ आहेत. एक जण साखर घेतानासुद्धा सावधानमध्ये उभा राहतो. पण सुभेदारांची तऱ्हा वेगळी होती.

त्यांचं मूळ गाव कडेगावकडचं. बायको जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. गडी एके काळी चांगला दणकट होता म्हणे. मी रोज बघत होते तेव्हा मात्र सदरा खुंटीला अडकवल्यासारखा त्यांच्या अंगावर लोंबत होता. खाल्लेलं अंगी लागेना. दोन दवाखाने, एक वैद्य आणि एक उतारा करून झाल्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नळी घालून तपासलं आणि निदान केलं. सिलिॲक. गव्हात आणि जवात ग्लुटेन म्हणून काहीतरी असतं, ते यांच्या आतड्याला सोसत नाही. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू जन्मभर बंद, कणभरसुद्धा पोटात जाता कामा नये, एवढंच औषध. आतडं सावरलं तर माणूस सावरेल, नाही तर असाच झिजत जाईल, असं बाईंनी तोंडावर सांगितलं.

सुभेदारांनी ते आदेश म्हणून घेतलं. ग्लुटेनला ते 'गुलटनसाहेब' म्हणत. "हा गुलटनसाहेब सरळ येत न्हाई वहिनी. कवा मैदा म्हणून येतो, कवा रवा, कवा सूजी. बिस्कुटात तर 'माल्ट' नाव लावून बसलाय. माल्ट म्हंजे जव. मला काय ठावं न्हाई व्हय?"

सुरुवातीला त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून ते आठवडाभर खारी खात होते. हिरवा म्हणजे रस्ता मोकळा, असा त्यांचा हिशेब. मीच म्हटलं, "सुभेदार, तो ठिपका शाकाहाराचा. गव्हाला काय रक्त असतं?" मग त्यांना पाकिटाच्या पाठीमागं, अगदी तळाला, ठळक अक्षरांतली 'कंटेन्स व्हीट' ही ओळ सापडली आणि त्यांनी ती ओळ सगळ्या दुकानभर शोधली. ज्वारीच्या बिस्किटांचा पुडा आला होता. पुढं ज्वारीचं टपोरं कणीस, मागं पहिलाच शब्द मैदा. त्या दिवशी ते इतके चिडले, की पुडा काउंटरवर पालथा घालून गेले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ज्वारी नुसती लग्नपत्रिकेवर होती, बोहल्यावर गहूच.

शेवटी गव्हाच्या ओंबीवर काट मारलेलं एक चिन्ह असतं, ते असलं की आत गहू नाही, हे त्यांना कळलं. तसं चिन्ह असलेला माल माझ्या दुकानात मोजून दोन जिनसा. त्या त्यांनी घेतल्या आणि बाकीच्या दुकानाकडं पाठ फिरवून ते बराच वेळ रस्त्याकडं बघत उभे राहिले. 

माणूस एकटा पडतो तो असा. कॉलनीत बारसं होतं, तिथं ते फडक्यात स्वतःची भाकरी बांधून आले. बायका कुजबुजल्या, "एवढं कसलं सोवळं?" यजमानीण म्हणाली, "आवं, येक पुरी खाल्ल्यानं काय मरतंय माणूस?" सुभेदार हसले आणि भाकरी तशीच घेऊन घरी गेले. त्यानंतर कुणाच्या पंगतीला ते दिसले नाहीत. बोलावणं आलं की म्हणायचे, "ड्यूटी हाय." कसली ड्यूटी, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आणि एवढं करून माणूस सुधारेना. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, गुलटनसाहेब आत येतच होते. कुठून, ते कळेना. बाई म्हणाल्या, रोज काय खाता ते वहीत लिहा. सुभेदारांनी शाळकरी वही घेतली आणि लिहायला लागले. महिन्यानं वही दाखवून आले ते हातात मलमाची ट्यूब घेऊन.

माझ्यासमोर भिंग लावून त्यांनी ट्यूब वाचली. "ह्यात गहू दिसत न्हाई."

"कुठं लावायचंय?"

"खपलीवर."

"कुठं झालीय खपली?"

"तीच तर बात हाय वहिनी. अंगावर कुठं खपलीच न्हाई. बाईनं सदरा काढून पाठ बघितली, कोपरं बघितली. म्हणल्या, ह्या आजारात अंगावर फोड उठतात, खपल्या धरतात. आता न्हाईत, पर पुन्यांदा आल्या की लावा."

"पण त्यांना खपलीचं सांगितलं कुणी?"

"मीच. वहीत लिवलेलं की." त्यांनी वही उघडून बोट ठेवलं. शनवार, खपली, दोन वाट्या.

मी त्यांच्याकडं बघितलं. मग दुकानाच्या कोपऱ्यातल्या पोत्यांकडं बघितलं. त्यांवर माझ्याच अक्षरातल्या पाट्या होत्या: लोकवन गहू. शरबती गहू. आणि तिसऱ्या पोत्यावर नुसतं, खपली.

डॉक्टरीणबाई नागपूरकडच्या. त्यांच्या लेखी खपली धरते ती जखमेवर, आणि दोन वाट्या भाताच्या असणार. आमच्या लेखी खपलीची खीर होते, गूळ घालून. आजाऱ्याला खपली, बाळंतिणीला खपली, शुगरच्या पेशंटला खपली. तिला गहू कुणी म्हणतच नाही. शनिवारी मारुतीचा उपास सोडायला सुभेदार ती खीर करत, बायको असल्यापासूनचा नेम. गावच्या शेतातली खपली, घरी उखळात सडलेली. पाकीट नाही, त्यामुळं वाचायचा प्रश्नच नाही.

"सुभेदार," मी म्हटलं, "खपली म्हणजे गहूच."

"छट्. गहू म्हंजे लोकवन. डॉक्टरीणबाईनं गहू बंद सांगितला, खपलीचं नाव तरी काढलं का? खपली म्हंजे खपली."

"तिला ओंबी येते का नाही?"

त्यांनी वही मिटली. शेतकऱ्याच्या पोटचे होते, यापुढं सांगायची गरज नव्हती. मलाही जागच्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मधे एका शनिवारी यांच्या अंगात ताकद यावी म्हणून मीच डबाभर खीर पाठवली होती.

मला वाटलं, आता स्वतःलाच शिव्या घालतील. पण ते म्हणाले, "म्हंजे, शेवंताचं काय?"

शेवंता त्यांची धाकटी बहीण, कवठे महांकाळला दिलेली. हा आजार रक्तात असतो, भावाबहिणींना तपासा, असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शेवंता लग्नापासून काटकुळी. सासरचे जेवायला घालत नाहीत म्हणून सुभेदार मेव्हण्याशी दोनदा भांडलेले. आणि बहिणीच्या अंगाला मांस चढावं म्हणून दिवाळीला गाठ पडली की भाऊबीजेचं म्हणून शेतातली खपली पोतंभर नेऊन द्यायचे. चाळीस वर्षं.

"मी तिला इख खाऊ घातलं वहिनी," ते म्हणाले. माझ्या काउंटरला धरून उभे होते.

फोनवर सांगायला ते तयार नव्हते आणि एकट्यानं प्रवास करायची त्यांची ताकद नव्हती. माझं माहेर सांगलीचं. जायचंच होतं, मी त्यांना बरोबर घेतलं. वाटेत त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

शेवंताबाई अंगणात ज्वारी पाखडत बसल्या होत्या. हडकुळ्या, पण ताठ. भावाला बघून त्या आधी हसल्या आणि मग घाबरल्या. "दादा, काय रं ही दशा तुजी?"

सुभेदारांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. दारातच उभं राहून फर्मान काढलं, "शेवंता, आजपासनं खपली खायची न्हाई."

"मी कुठं खातीया?"

"म्हंजे?"

"आरं, लगीन झाल्यावर दोन वर्सांतच कळलं मला. सणाला चपाती झाली की मी आडवी, भाकरीवर हाय तवर धड. सोडून दिलं समदं."

"डॉक्टर काय म्हणला हुता?"

"डाक्तर कशाला? प्वाट सांगतंय की." त्या सुपातले खडे वेचत होत्या. "सासू म्हणायची, नखरेल हाय. म्हणंना का."

"आन् मी द्यायचो ती पोती?"

"वाटायची. ह्या आळीतल्या निम्म्या बाळंतिणी तुज्या खपलीवर उठल्यात्या."

मला हसू आलं. सुभेदारांना नाही आलं. ते हळूहळू पायरीवर बसले. "खोटं बोलू नगंस. दर भाऊबीजेला तू हुग्गी करायचीस. माज्यासंगं बसून खायचीस. मी बघितलंय."

हुग्गी म्हणजे तीच खपलीची खीर, त्या भागात तिला असं म्हणतात. शेवंताबाईंचं सूप थांबलं.

"ती मातर मी खायची. वर्सातनं येकदा यायचास तू. तुज्यासमोर सणाला भाकरी खाल्ली आसती तर तुला वाटलं आसतं, हिच्या घरात हिला गव्हाचं मिळत न्हाई. पुन्यांदा भांडला आसतास ह्यांच्याशी. आन् पल्टनीत माघारी जाताना रडत गेला आसतास."

"आन् खाल्ल्यावर?"

"खाल्ल्यावर काय? तुजी गाडी गेली की अंथरूण धरायची. आठ दिस. त्यात काय येवढं?"

त्या उठून आत गेल्या. आम्हाला भाकरी, घरची डाळ आणि मिरचीचा खर्डा वाढला. भाऊबहीण एकाच ताटात बसल्यासारखे जेवले, तेच अन्न, तेवढंच. कुणी कुणाला आग्रह केला नाही. निघताना सुभेदारांनी बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो उचलायला त्यांना बराच वेळ लागला.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले.  मिरज जवळ आल्यावर बोलले, पण माझ्याकडं न बघता.

"वहिनी, चाळीस दिवाळ्या झाल्या. त्यातल्या अकरा दिवाळ्यांना मला रजा गावली न्हाई. कवा बर्फात हुतो, कवा कुठं. लय शिव्या घातल्या साहेबास्नी. बहीण ओवाळायचं ताट घिऊन बसली आसंल म्हणून येकदा बंकरात रडलोय बी."

 

"लय ब्येस झालं रजा गावली न्हाई ते," सुभेदार म्हणाले. "त्या अकरा वर्सी तरी पोरगी दिवाळीनंतर धड हुती."