शेळके मेजरांचा चार्ज

शेळके मेजरांनी एकदा एक फावडं पुरलं होतं. रीतसर खड्डा खणून, वर माती लोटून, बुटांनी दाबून. फावडं चांगलं होतं, दांडाही नवा होता. त्याचा गुन्हा एवढाच की ते लेजरमध्ये नव्हतं. स्टोअरमध्ये नोंदीपेक्षा एक फावडं जास्त भरलं आणि दुसऱ्या दिवशी तपासणीला अधिकाऱ्यांचा बोर्ड यायचा होता.

"कमी भरलं तर पगारातनं कापून देता येतं, भालेराव," ते मला म्हणाले. "जास्ती भरलं की मानूस चोर. इचारत्यात, कुनाचं उचललं?"

आता खड्डा कशाने खणायचा? लेजरवरचं फावडं वापरलं तर त्याला माती लागणार आणि बोर्डासमोर ते मळकं दिसणार. म्हणून मेजरांनी त्या जादा फावड्यानेच खड्डा खणला, ते आत आडवं ठेवलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की माती लोटायला आता हातच उरलेत. दुसऱ्या दिवशी बोर्डासमोर ते सावधान उभे होते. लेजर चोख होतं आणि सगळी नखं काळी होती.

मी भालेराव, हुद्द्याने नाईक, कोपरगावकडचा. उसाच्या, पाटाच्या पाण्याच्या मुलखात वाढलेला माणूस. माझी बदली झाली ती नगरच्या पुढे, पारनेरच्या बाजूच्या एका माळावर. तिथे कुसळं आणि वारा सोडला तर सरकारने काही इश्यू केलेलं नाही. बाहेरच्या पलटणी तिथे गोळीबाराच्या सरावाला येतात. आमची तुकडी अगदी लहान. कडेने लाल झेंडे लावायचे, निशाणाच्या चौकटी उभ्या करायच्या, तंबू, जेरीकॅन, दुर्बिणी द्यायच्या आणि परत घ्यायच्या. वर एक सुभेदार साहेब, खाली आम्ही मूठभर जवान आणि मध्ये पत्र्याचं एक स्टोअर. त्या स्टोअरचे धनी हवालदार शेळके.

आमच्या जिल्ह्यात फौजेतून रिटायर झालेला प्रत्येक माणूस गावात मेजर होतो. शेळके नोकरीत असतानाच झाले होते, कारण त्यांचं गाव पारनेरच्या पलीकडेच होतं आणि आजूबाजूचे लोक त्यांना ओळखत होते. शेवटची काही वर्षं घराजवळ मिळावीत म्हणून लोक साहेबांचे पाय धरतात. यांना ती न मागता मिळाली होती. सकाळच्या एसटीत बसलं तर दुपारच्या जेवणाला घरी, इतकं जवळ. पण मेजर रजेवर गेले असं मी कधी पाहिलं नाही.

कारण विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "चार्ज कुनाला देऊ?"

चार्ज म्हणजे स्टोअरमधल्या प्रत्येक वस्तूची जबाबदारी. तो दुसऱ्याला द्यायचा तर सुईपासून तंबूपर्यंत सगळं मोजून द्यावं लागतं आणि घेणाऱ्याने सही करावी लागते. मेजरांच्या हाताखालचं कोणी सही करायला धजत नसे. त्यांनी कोणाला धजूही दिलं नसतं.

त्यांचा दुसरा मंत्र म्हणजे, "जुनं जमा, मंग नवं." नियम फौजेचाच आहे, पण फौजेने तो माणसांसाठी केलाय. मेजर तो देवाधर्मासारखा पाळायचे. केरसुणी झिजली तर झिजलेली केरसुणी आणून दाखवायची. शेवटच्या चार काड्या उरल्या असतील तर त्या चार काड्या आणायच्या. सुभेदार साहेबांच्या टेबलावरची काच फुटली तेव्हा खुद्द साहेब गुडघ्यावर बसून तुकडे गोळा करत होते आणि मेजर शेजारी उभं राहून त्यांना दाखवत होते, "साहेब, त्यो कपाटाखाली एक हाय."

एकदा धनगराच्या शेळीने कडेचा लाल झेंडा खाल्ला. मी नवा मागायला गेलो.

"जुना?"

"शेळीनं खाल्ला, मेजर."

"मंग शेळी कुटं हाय?"

मला वाटलं गंमत करतायत. ते काठी घेऊन निघाले. भर उन्हात माळावर पुढे शेळी, मागे हवालदार, त्यामागे धनगर आणि सगळ्यात मागे नशिबाला दोष देत मी. शेवटी एका बोरीच्या झुडपाखाली झेंड्याची कडेची दोरी सापडली. बहुधा चवीला बरी नसावी. मेजरांनी ती झटकली, घडी घातली, जमा करून घेतली आणि मला नवा झेंडा दिला. धनगर जाताना मला हळूच म्हणाला, "दादा, तुमचं काम लई अवघड हाय." त्याची माया बघून मला रडूच आलं.

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा सगळे पाट्यांची, कागदांची चर्चा करत होते. मेजरांना एकच पडलं होतं. "नवं नाव इश्यू झालं ते बरं झालं. पन जुनं कुटं जमा केलं?" यावर कोणी हसलं की ते खरंच चकित व्हायचे.

अशा माणसाचा चार्ज मी घ्यायचा होता.

मेजरांची पेन्शन जवळ आली आणि साहेबांनी मला बोलावून हुकूम सांगितला. महिना संपायच्या आत सगळी मोजणी, सगळ्या सह्या. नाही झाल्या तर मेजर सुटणार नाहीत, कागद अडकणार आणि पेन्शन लांबणार. "त्याचं म्हातारपण तुझ्या सहीवर आहे," साहेब म्हणाले. मी सही करायला एका पायावर तयार होतो. पण कमी मालावर सही केली की ती तूट माझ्या नावावर येते, हे मला मेजरांनीच पढवून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी मोजणीत तंबूच्या मेखा ठोकायची एक लाकडी मोगरी कमी भरली. मी हबकलो. मेजरांच्या स्टोअरमध्ये तूट? मेजर शांत होते. "सापडंल. पुन्यांदा मोज." पुन्हा मोजली, नाही. दुसऱ्या दिवशी मोगऱ्या बरोबर भरल्या, पण एक जेरीकॅन गायब. त्याच्या पुढच्या दिवशी जेरीकॅन आपल्या जागी मुकाट उभा आणि एका दुर्बिणीचं कातडी पाकीट नाही. मग कंदील. मग ताडपत्री.

मला काही सुचेना. जेवायला बसलो की मी ताटातल्या पोळ्या मोजायचो. रांगेत उभे असलेले जवान मोजायचो आणि त्यातही एक कमी भरायचा, कारण मी स्वतःला धरत नसे. मेजर मात्र रोज तितक्याच शांतपणे म्हणायचे, "पुन्यांदा मोज." साहेबांचा पारा चढत चालला. एक ब्लँकेट कमी भरलं त्या दिवशी ते स्वतः स्टोअरमध्ये आले आणि म्हणाले, "शेळके, एखादं फाटकं ब्लँकेट घे, फाडून दोन कर आणि संपव हे." हा फौजेतला जुना तोडगा आहे, सगळे करतात. मेजरांचा चेहरा असा झाला, जणू साहेब त्यांच्या आईला काही बोलले. "साहेब, एकाचं दोन करायचं पाप मी न्हाई करनार," ते म्हणाले. साहेब दार आपटून निघून गेले. महिना सरत आला होता.

मग एका दुपारी, बाकी सगळे जेवायला गेले असताना मी टोपी विसरलो म्हणून परत आलो. स्टोअरचं दार लोटलेलं होतं. आत शेळके मेजर ते हरवलेलं ब्लँकेट आपल्या वळकटीतून काढून रॅकवर घडी घालून ठेवत होते. ते झाल्यावर त्यांनी शेजारच्या रॅकवरून एक टॉर्च उचलला आणि वळकटीत खुपसला.

मी दारातच उभा राहिलो. मला आधी राग आला. इतके दिवस हा माणूस मला वेडा करत होता!

"मेजर, हे काय?"

ते दचकले नाहीत. वळकटी तशीच उघडी टाकून एका जेरीकॅनवर बसले. मांडीवरचे हात पाहत राहिले.

"चार्ज दिला की जावं लागंल," ते म्हणाले.

"जावंच लागणार. घरी जा की आता. इतकी वर्षं..."

"घरी कोन हाय?"

एवढं मला ठाऊक होतं की त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी वारली आणि मुलगा पुण्याला कंपनीत आहे. मेजर त्याबद्दल कधी बोलत नसत, म्हणून आम्हीही विचारत नव्हतो. आता ते बोलायला लागले, रॅककडे बघत, जणू माल मोजून देतायत.

"कांता परत्येक जत्रंला फोन करायची. या म्हनायची. मी म्हनायचो, चार्ज कुनाला देऊ? दिवाळीला तेच, पोराच्या लग्नाला दोन दिस गेलो, तवा बी जीव हितं. मंग ती म्हनायलाच लागली, 'जाऊ द्या, तुमचा चार्ज कोन घेनार!' हसायची. आजारी हुती तवा बी हसून म्हनाली." ते माझ्याकडे वळले. "आता तू आलास चार्ज घ्यायला. इतक्या वर्सांनी कोनतरी आला. आन तितं ती न्हाई."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण नाईकाने हवालदाराच्या खांद्यावर हात ठेवायची फौजेत पद्धत नाही. मी तसाच उभा राहिलो. ते उठले, वळकटीतून टॉर्च काढला, सदऱ्याला पुसला आणि जागेवर ठेवला.

"उद्याच्याला मोज," म्हणाले. "बरोबर भरंल."

बरोबर भरलं. मी सह्या केल्या. सही करताना एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. साहेबांनी पेढे मागवले आणि गाडी देऊ केली. मेजर म्हणाले, "गाडी माज्या नावावर इश्यू न्हाई," आणि ट्रंक घेऊन फाट्यावर एसटीची वाट बघत उभे राहिले. बस आली तेव्हा त्यांनी एकदा मागे पाहिलं. माझ्याकडे नाही, स्टोअरच्या पत्र्याकडे.

पुढे काही दिवसांनी मी फोन केला. पेन्शनचं विचारलं. सुरू झाली म्हणाले.

"जेवण वगैरे?"

"करतो की. हितं ताटं लई हायेत रं घरात. कांतानं जमवल्याली. मला एकच लागतं."

फोन ठेवायचा कसा ते मला समजेना आणि त्यांना ठेवायचाच नव्हता. त्यांनी विचारलं, "तितं समदं बरोबर हाय न्हवं?" आता खरं तर सगळं बरोबर होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही मेजर. एक ताडपत्री कमी भरतीय. मला काही उलगडा होईना. तुम्ही येऊन बघता का?"

पलीकडून आवाज एकदम बदलला. "कोनत्या रॅकची? वरच्या का खालच्या? हात लावू नगंस कशाला. पहाटंच्या गाडीनं आलोच."

सकाळी मी साहेबांकडे परवानगी मागायला गेलो. साहेबांना सगळं समजलं असावं, ते रागावले नाहीत. "येऊ दे," म्हणाले. "पण हे शेवटचं. कालच पत्र आलंय. पुढच्या महिन्यात आपलं सगळं सामान शहरातल्या मोठ्या डेपोत जमा करायचंय. तिथे बाहेरच्या माणसाला गेटवरूनच परत पाठवतात, तो कोण होता ते कोणी विचारत नाही."

मेजर आले. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली, पायात पॉलिश केलेले बूट. आम्ही दोघांनी ताडपत्र्या मोजल्या. पुऱ्या भरल्या. मेजर म्हणाले, "पुन्यांदा." पुन्हा पुऱ्या भरल्या. मग त्यांनी तंबू काढायला लावले, मग मेखा, मग कंदील, ज्यांचा या तक्रारीशी काही संबंध नव्हता. मी मुकाट्याने आकडे सांगत गेलो आणि ते मान डोलवत गेले. दुपारी आमच्याच मेसमध्ये ते रांगेत बसून जेवले, दोनदा भाजी मागून घेतली. नव्या जवानांना त्यांनी केरसुणीचा नियम समजावून सांगितला. परत जायची वेळ झाली तसं मी त्यांना सोडायला फाट्यापर्यंत गेलो.

"तुजी मोजनी चुकत न्हाई, भालेराव," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "मीच शिकवल्याली हाय."

डेपोच्या पत्राचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. लांबून एसटी येताना दिसत होती. मेजरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि लहान आवाजात, माझ्याकडे न बघता विचारलं,

"फुडच्या म्हयन्यात बी चुकंल का रं?"

"चुकेल, मेजर," मी म्हणालो.