संगणक बंद न करण्याचा समारंभ

ज्याला आपण कोण आहोत हे नक्की ठाऊक नाही, त्याच्याकडेच सगळ्यात जोखमीचं काम सोपवावं, हा जगातल्या यच्चयावत संस्थांचा नियम आहे, आणि नियम पाळण्यात आमची शाळा कुणाला हार जाणारी नाही.

आमच्या शाळेने सगळ्या मुलांचे, सगळ्या इयत्तांचे मार्क ऑफिसातल्या एका संगणकात भरले. जुनी रजिस्टरं त्याच दुपारी रद्दीत गेली, कारण संगणकाच्या टेबलाला जागा हवी होती. शिवाय दूरदृष्टी म्हणून सगळ्याची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवली. ही दुसरी डिस्क पहिलीच्याच कंपनीची, त्याच खोक्यातली. (जुळ्या भावाला जामीन ठेवावं तसं. एक पळाला तर दुसरा आहेच, आणि तोही त्याच गाडीत.)

मग एके दिवशी कंपनीची मेल आली. संगणक सरांनी ती स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवली. हार्ड डिस्कच्या आत एक इवलासा प्रोग्रॅम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. डिस्कने जागं झाल्यावर आपण डिस्क आहोत आणि आपल्या पोटात काय कुठे ठेवलंय हे कसं आठवायचं, ते हा प्रोग्रॅम सांगतो. कंपनीने कळवलं होतं की या खेपेच्या फर्मवेअरमध्ये 'किरकोळ त्रुटी' राहून गेली आहे. डिस्क चालू आहे तोवर काळजी नसावी. बंद करून पुन्हा चालू केली, तर मात्र ती स्वतःला विसरण्याची शक्यता आहे. उपाय अगदी सोपा होता. पहिली पायरी, नवं फर्मवेअर भरा. दुसरी पायरी, संगणक बंद करून पुन्हा चालू करा.

संगणक सरांनी दुसरी पायरी पुन्हा वाचली. या वेळी हळू. हळू वाचल्याने ती बदलली नाही.

मोठ्या बाई (आमच्या मुख्याध्यापिका; उंचीने नव्हे, निर्णयांनी मोठ्या) म्हणाल्या, "बंदच करायचा नाही. मिटलं."

तिथून शाळेचं खरं कार्य सुरू झालं. त्याआधी आम्ही नुसतं शिकत होतो.

संगणक जागृती समिती नेमली गेली. ऑफिसात चपला काढून जायचं, दार आपटायचं नाही, शिंक आली तर ती घेऊन बाहेर जायचं. केर काढणं बंद, कारण झाडू वायरीत अडकतो. टेबलाखाली जे साचलं त्याला हात लावायला समितीची परवानगी लागे, आणि समितीला ते बघून परवानगी द्यावीशी वाटत नसे. वीज गेली तर बॅटरी होती. बॅटरी संपली तर दुसरी बॅटरी होती. तीही संपली तर खेळाचे सर सायकल घेऊन तयार होते. त्यांना डायनामो दिला होता आणि खुराकही वाढवला होता. भार हलका व्हावा म्हणून जिन्यातले दिवे काढले. (जिन्यात पाच जण पडले. हे प्रमाण परवानगीच्या मर्यादेत आहे, असं समितीचं मत पडलं.) इतिहासाच्या बाईंना स्विचसमोर खुर्ची टाकून बसवलं. गेलेल्या साम्राज्यांबद्दल त्या पूर्वी नुसतं बोलायच्या. आता असलेलं एक राखायची संधी मिळाली, म्हणून त्या खूष होत्या. शाळेच्या पाहणीनुसार या काळात शिस्त बासष्ट टक्क्यांनी वाढली. उरलेली अडतीस टक्के आधीपासूनच असावी.

या सुरळीत कारभारात खोडा घातला तो माझ्या ताईने.

ताई शेवटच्या वर्षाला शाळेत पहिली आली होती. चौऱ्याऐंशी टक्के. (आमच्याकडे मार्क देताना गुरुजनांचा हात जरा आखडता असतो.) तिला ज्या कॉलेजात जायचं होतं, तिथे शुक्रवारपर्यंत शाळेची छापील गुणपत्रिका हवी होती. ती दिल्याशिवाय प्रवेश नाही, आणि ते कॉलेज सोडून ताईला हवा तो विषय दुसरीकडे कुठे नाही. आता प्रिंटर होता, कागद होता, मार्क संगणकाच्या पडद्यावर ठळक दिसत होते. फक्त प्रिंटरचं म्हणणं होतं की, संगणक एकदा बंद करून चालू करा, मग छापतो.

ताई आणि आई ऑफिसात गेल्या. मी त्यांच्या चपला सांभाळायला दारात होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"बाई, मी इथून बघून हाताने उतरवून घेते," ताई म्हणाली. "तुम्ही खाली सही-शिक्का द्या."

"हाताने लिहिलेलं आता चालत नाही गं. आपण संगणकीकृत झालो."

"मग तुम्ही पडद्याशी ताडून बघा की."

"ताडलं की ते खरं आहे एवढंच कळेल," बाईंनी समजूत घातली. "पण ते छापील आहे का, हे थोडंच कळणार आहे?"

आई दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे तिला समोरचं दिसतं ते खरं मानायची वाईट खोड आहे. ती म्हणाली, "अहो, डोळ्यांना दिसतंय ना हे ढळढळीत."

बाई म्हणाल्या की दिसतंय याबद्दल वादच नाही, पण उद्या प्रत्येकाचं दिसलेलं मानायला लागलो तर शाळा कशी चालायची. फोनने फोटो काढायची गोष्ट निघाली. पण शाळेत फोनला बंदी होती, बंदीतून सूट हवी तर तशी नोंद संगणकात करावी लागे, आणि नव्या नोंदीने डिस्कला दगदग झाली असती. ताईचा चेहरा पाहून शेवटी बाईंनाच मार्ग सुचला. गुरुवारी शाळेत समारंभ होता. संगणक वर्षभरात एकदाही बंद न पडल्याबद्दल. प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते त्याच कॉलेजचे प्राचार्य. कार्यक्रम संपला की त्यांना पडद्यावरचे मार्क दाखवायचे. खुद्द प्राचार्यांना दिसलं, तर ते दिसणं वरच्या दर्जाचं ठरलं असतं.

ताई त्या रात्री नीट जेवली.

गुरुवारी ऑफिसात माणूस मावेना. संगणकाला नवी खोळ शिवली होती. खेळाचे सर सायकलवर, इतिहासाच्या बाई नव्या साडीत, संगणक सर मागच्या रांगेत. प्राचार्य आले. उद्घाटन कसं करायचं हे समितीने आधीच ठरवलं होतं. फीत कापायला कात्री लागते आणि कात्री वायरीजवळ नको. दिवा लावायचा तर ज्योत नको. तेव्हा हल्लीच्या पद्धतीने बटण दाबूनच करावं, यावर एकमत झालं होतं.

त्या ऑफिसात बटण एकच होतं.

संगणक सरांनी हात वर केला. त्यांना प्रश्न शेवटी विचारायला सांगण्यात आलं. इतिहासाच्या बाई स्वतः खुर्चीवरून उठून बाजूला झाल्या, पाहुण्यांना वाट म्हणून. प्राचार्यांनी बटण दाबलं, दाबून धरलं (फोटोवाल्याने तसं सांगितलं होतं), आणि पडदा काळा झाला. टाळ्या बराच वेळ चालल्या. पडदा काळा होणं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, असं सगळ्यांना वाटलं. टाळ्या न वाजवणाऱ्या फक्त दोघी होत्या, ताई आणि आई.

पुन्हा चालू केल्यावर संगणकाने विचारलं, डिस्क कुठे आहे? डिस्क आतच होती. कान लावला की घरघर ऐकू येत होती, म्हणजे धुगधुगी होती, शुद्ध नव्हती. कपाटातून दुसरी डिस्क काढून जोडली. तिलाही आपण कोण हे आठवेना. जुळ्यांचं असंच असतं.

संगणक सरांनी कंपनीला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाजाची बाई बोलली.

"सर, आपली माहिती पूर्णपणे सुरक्षित आहे."

"मग ती आम्हाला मिळेल?"

"नाही सर. कुणालाच नाही मिळणार. म्हणून तर सुरक्षित."

बटण आपणच दाबलं, हे प्राचार्यांनी मनाला लावून घेतलं आणि आमच्या शाळेपुरती मुदत आठ दिवस वाढवली. मोठ्या बाईंनी पत्रक काढलं : प्रत्येक विद्यार्थ्याने, आजी वा माजी, आपापले मार्क आठवून लिहून द्यावेत, शाळा ते नव्या संगणकात भरून छापील देईल.

आमच्या शाळेत गणितात आजवर कुणीच नापास झालं नव्हतं, हे तेव्हा पहिल्यांदा उजेडात आलं. एका मुलाने शंभरपैकी एकशे चार लिहिले. त्याला बोलावून समज दिल्यावर त्याने मोठ्या मनाने शंभर केले. शाळेची सरासरी शहाण्णव निघाली. (माझ्या गणिताविषयी मीच लिहिणं बरं दिसणार नाही.) गुरुजनांना आखडत्या हाताची आठवण राहिली नाही, कारण उत्तम निकालाबद्दल त्यांचं कौतुक होऊन गेलं होतं.

ताईने चौऱ्याऐंशी लिहिले. ती शेवटून पहिली आली.

बाईंनी तिला बोलावून घेतलं. रागावल्या नाहीत. "नीट आठव बाळ," म्हणाल्या.

"आठवतंय, बाई. चौऱ्याऐंशीच."

"अगं, तू पहिली आली होतीस ना? मग पहिलीचे चौऱ्याऐंशी कसे असतील? मागच्या बाकावरच्यालासुद्धा त्र्याण्णव आहेत."

"तुम्हीच दिले होते, बाई."

बाईंनी खरोखर विचार केला. मग पेन तिच्यापुढे सरकवलं आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या, म्हणजे ताईला संकोच नको. ताईने पेन उचललं, टोपण लावलं आणि परत ठेवलं.

कॉलेजच्या यादीत तिचं नाव नव्हतं. तिच्या वर्गातल्या बाकी सगळ्यांचं होतं. वर्ग भरला, बाकं कमी पडली. घरी बाबा म्हणाले, खोटं बोल असं मी कधीच म्हणणार नाही, पण दहा-बारा वाढवायला काय झालं होतं, त्याला कुणी खोटं म्हणत नाही. काकू म्हणाली, मुलगी हुशार आहे, पण व्यवहार नाही. शेजारचे, मावशी, दुधवाला, सगळे हळहळले आणि सगळ्यांनी जाता जाता ताईला आपापल्या वेळचे मार्क सांगितले. भलतेच चांगले होते.

तुम्हालाही ताईचं वाईट वाटलं असेल. आणि एवढं वाचेपर्यंत तुमचे शाळेच्या शेवटच्या वर्षाचे मार्कही मनात येऊन गेले असतील. कुठले आले? पडले होते ते, की मुलांना सांगता ते?